डोक्यावर वजन उचलायला शिकताय? यवतमाळकरांसाठी खर्चाचा हिशेब

लहान गावांतल्या बहुतेक जिममध्ये सगळ्यांत छोटी प्लेट अडीच किलोची असते. रॉडच्या दोन्ही बाजूंना ती चढवली की वजन एकदम पाच किलोने वाढतं. स्क्वॉट मारणाऱ्याला या पाच किलोंचं काही वाटत नाही. पण तीस किलोची रॉड खांद्यावरून डोक्यावर नेणाऱ्या नवशिक्यासाठी ही वाढ थेट सतरा टक्क्यांची होते, आणि त्याची प्रगती तिथेच अडते. मग तो कंबर मागे वाकवतो, गुडघ्यांना झटका देतो, कसंबसं वजन वर नेतो आणि खांदा दुखवून घेतो. त्यानंतर बेल्ट, रिस्ट रॅप, प्रोटीनचा डबा अशी हजारोंची खरेदी सुरू होते. त्याला खरी गरज सव्वा किलोच्या दोन प्लेटांची होती. ती जोडी तीनशे-चारशे रुपयांत मिळते.

डोक्यावर वजन नेण्याच्या व्यायामात पैसे असेच चुकीच्या जागी जातात. माझ्या मते खर्चाचा क्रम असा हवा: आधी पाहून चूक सांगणारा माणूस, मग जेवण, मग लहान प्लेटा, आणि उरलंच तर बाकीचं सामान. झोपेला पैसे पडत नाहीत, पण ती मिळवणं या जिल्ह्यात सोपं नाही. पुढे दिलेले भाव ढोबळ आहेत. दुकान, गाव आणि हंगाम बदलला की थोडे वरखाली होतील.

शिकायचं कशासाठी, ते आधी ठरवा

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा इथल्या मैदानांवर पहाटे धावणारी बरीच मुलंमुली पोलीस भरतीची तयारी करत असतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण गोळाफेकीचे आहेत. गोळा मुलांसाठी ७.२६० किलोचा आणि मुलींसाठी ४ किलोचा असतो. पायांतून निघालेला जोर कंबरेतून खांद्यात आणि खांद्यातून हातात नेणं, हे गोळाफेकीतही आहे आणि रॉड डोक्यावर नेण्यातही. या मुलामुलींना प्रेस आणि पुश प्रेस एवढे दोन प्रकार पुरतात. स्नॅच शिकण्यात त्यांनी वेळ घालवू नये.

साधा प्रेस म्हणजे रॉड खांद्यावर घेऊन गुडघे न वाकवता हातांनी वर ढकलणं. जिममध्ये त्याला शोल्डर प्रेस किंवा मिलिटरी प्रेस म्हणतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकपर्यंत प्रेस हा वेटलिफ्टिंगमधला तिसरा प्रकार होता. पुढे खेळाडू इतके मागे झुकायला लागले की पंचांना निर्णय देणं अवघड झालं. त्यात कंबरेवरच्या ताणाची काळजी होती, म्हणून तो प्रकार वगळला गेला. मागे झुकण्याची खोड मात्र आजच्या जिममध्येही तशीच आहे. पुश प्रेसमध्ये गुडघ्यांचा छोटा झोका घेऊन पायांचा जोर वापरतात. तो झोका मुद्दाम आणि शिकून घेतलेला असतो, चोरून घेतलेला नसतो.

स्नॅच (रॉड जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, ते क्लीन, आणि तिथून डोक्यावर, तो जर्क) ही वेगळी विद्या आहे. तिला वेगळी रॉड, वेगळी जमीन आणि वेगळा शिक्षक लागतो. शाळेत किंवा कॉलेजात स्पर्धेला उतरायचं असेल तर तिकडे वळा. महाराष्ट्रात या खेळात नाव काढलेल्यांपैकी कितीतरी जण छोट्या गावांतले आहेत. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या तिघांनी कांस्यपदकं मिळवली. वडगाव मावळची हर्षदा गरुड मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात सुवर्ण जिंकून आली. ज्युनिअर गटात भारताला मिळालेलं ते पहिलं जागतिक सुवर्ण. त्याच वर्षी ३० जुलैला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. त्याच्या वडिलांची पान-चहाची टपरी. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो पेलल्यावर १३९ किलोला त्याचा उजवा कोपर दुखावला आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. एवढ्या तयारीच्या खेळाडूच्या सांध्यालाही धोका असतो, हे नवशिक्याने वजन वाढवताना लक्षात ठेवावं. आणि अशी मुलं महागड्या वातानुकूलित जिमशिवाय घडतात, हे त्याच्या आईवडिलांनी फी भरताना लक्षात ठेवावं.

जिमचे पैसे भरण्याआधी

यवतमाळ शहरात साध्या जिमची महिन्याची फी ५०० ते १,००० रुपये असते. एसी आणि ट्रेडमिलच्या रांगा असलेल्या जिममध्ये ती १,२०० ते २,००० पर्यंत जाते. तालुक्याच्या गावी थोडी कमी. वर्षाचं पॅकेज ६,००० ते ९,००० मध्ये बसतं. एसीमुळे तुमचा प्रेस सुधारत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी पुढच्या गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्या.

पहिलं छत. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाने मोठ्या प्लेटांची रॉड डोक्यावर नेली, तर प्लेटेची वरची कड जमिनीपासून पावणेआठ फुटांवर जाते. मोठी प्लेट ४५ सेंटीमीटर व्यासाची असते, म्हणून. त्या जागी वर पंखा लटकत असेल तर तिथे उभंच राहू नका. दहा फूट छत असलेला कोपरा बघा. दुकानाच्या गाळ्यात काढलेल्या जिममध्ये ही अडचण हमखास असते.

दुसरी रॉड. ऑलिम्पिक मापाची पुरुषांची रॉड २० किलोची आणि २.२ मीटर लांब असते. महिलांची १५ किलोची, लांबीला थोडी कमी आणि पकडीला बारीक. या ऑलिम्पिक रॉडच्या दोन्ही टोकांचे जाड भाग फिरतात. साध्या जिममधली एक इंची रॉड आठ ते बारा किलोची असते आणि तिची टोकं फिरत नाहीत. अशा रॉडवर प्रेस बिनधास्त शिका. पण क्लीन करताना प्लेटा रॉडबरोबर गरगरतात आणि तो सगळा पीळ मनगटात उतरतो, म्हणून क्लीन आणि स्नॅच तिच्यावर शिकू नका. रॉडचं वजन मालकाला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर काट्यावर ठेवून बघा. स्वतः किती उचलतोय हे माहीत नसलेला माणूस प्रगती मोजणार कशी?

तिसरी जमीन. वजन खाली टाकायची परवानगी आहे का, हे स्पष्ट विचारा. फरशीवर टाकू देत नसतील तर त्यांचं चूक नाही, फरशी फुटते. पण मग तिथे स्नॅच आणि जर्क शिकता येणार नाही. वजन सुटतंय असं वाटताच सोडून मागे सरकणं हा शिक्षणाचा पहिला धडा आहे. जिथे सोडायची सोय नाही तिथे माणूस सुटणारं वजन पकडायला जातो आणि खांदा निखळतो.

चौथी गोष्ट टिनाचं शेड. एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळचा पारा अनेकदा ४२ अंशांच्या वर जातो. दुपारी चारला टिनाखाली व्यायाम करणं अंगावर येतं. उन्हाळ्यात जिम पहाटे किती वाजता उघडतं, ते विचारून मगच वर्षाचे पैसे द्या.

शिकवणारा माणूस

फीमध्ये मिळणारा ट्रेनर साधारणपणे मशीन दाखवतो. वैयक्तिक ट्रेनरचे महिन्याला २,५०० ते ५,००० रुपये वेगळे पडतात. हे पैसे देण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः स्पर्धेत उचललं आहे का? आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कुठलं? पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे बोलीतल्या ‘एनआयएस’चा, वेटलिफ्टिंगचा कोर्स केलेला माणूस आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेचं फिटनेस प्रमाणपत्र लावलेला माणूस यांच्यात मोठा फरक असतो.

असा माणूस आपल्या गावात नसेल तर आधी शाळेच्या पीटी सरांना गाठा. हा सल्ला मी मनापासून देतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. तिथे शिकलेले शारीरिक शिक्षक वऱ्हाडातल्या शाळाशाळांत सापडतात. शालेय क्रीडा स्पर्धांत वेटलिफ्टिंग हा खेळ असतो, म्हणून जिल्ह्यात कोण शिकवतं हे अशा सरांना आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला ठाऊक असतं. तिथे चौकशी करायला पैसा लागत नाही.

अमरावतीला जाऊन शिकायचं म्हटलं तर यवतमाळहून नेरमार्गे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर पडतात. साध्या एसटीचं तिकीट दीडशे-पावणेदोनशेच्या घरात. मुलींना आणि बायकांना महिला सन्मान योजनेमुळे निम्मं. महिन्यातून दोनदा जाऊन यायचं, दर वेळी दोन तास शिकायचं, मधल्या दिवसांत मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढून प्रशिक्षकाला पाठवायचा. अशा आठ-दहा फेऱ्यांत पाया पक्का होतो. प्रशिक्षकाची फी आणि प्रवास धरून हा खर्च ५,००० ते ८,००० रुपयांत बसतो. गावातल्या ट्रेनरला दोन महिन्यांत तेवढेच जातात. व्हिडिओ काढताना मोबाइल कंबरेच्या उंचीवर आणि अगदी बाजूला ठेवा. समोरून काढलेल्या व्हिडिओत रॉड पुढे जाते की मागे, हे दिसत नाही.

प्रेस शिकण्याची रीत

रॉड हातात घेण्याआधी भिंतीची चाचणी करा. पाठ भिंतीला, टाचा वीतभर पुढे. कंबर भिंतीला चिकटलेली ठेवून सरळ हात वर न्या. अंगठे भिंतीला टेकले तर खांदे मोकळे आहेत. टेकण्यासाठी कंबर सुटत असेल तर अजून वजनाची वेळ आलेली नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे खांदे आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो. रोज दहा मिनिटं प्लास्टिकच्या पाइपने हात डोक्यावरून मागे-पुढे नेले की काही आठवड्यांत फरक पडतो. हार्डवेअरच्या दुकानात हा पाइप शंभर-दीडशे रुपयांत मिळतो.

मग रॉड. ती खांद्याच्या पुढच्या भागावर टेकवायची, पकड खांद्यापेक्षा किंचित बाहेर. मनगट मागे दुमडू द्यायचं नाही. रॉडचा भार तळहाताच्या मनगटाकडच्या गादीवर यायला हवा. कोपर रॉडच्या जरासं पुढे. पोट आणि कुल्ले घट्ट आवळायचे, श्वास भरून धरायचा. रॉड सरळ वर जायला हवी, पण वाटेत चेहरा येतो. नवशिके रॉडला चेहऱ्याभोवती वळसा घालायला लावतात आणि तिथेच ती पुढे जाते. वाट चेहऱ्याने सोडायची असते: हनुवटी मागे घ्या, रॉड नाकासमोरून जाऊ द्या, कपाळ ओलांडलं की डोकं दोन्ही हातांच्या मधून पुढे काढा. वर पोचल्यावर रॉड पावलाच्या मध्यावर यायला हवी, कोपर पूर्ण सरळ, खांदे कानांकडे उचललेले. व्हिडिओ थांबवून बाजूने बघा. रॉड, खांदा आणि पावलाचा मध्य एका रेषेत दिसले तर बरोबर.

सुरुवात रिकाम्या रॉडने करा. पाच-पाच वेळचे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. प्रत्येक सेट संपताना आणखी दोन वेळा उचलता आलं असतं, एवढी ताकद शिल्लक राहायला हवी. दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे, आणि त्यासाठीच त्या सव्वा किलोच्या प्लेटा. त्या जिममध्ये घेऊन जा. हसणारे हसतील. तीन महिन्यांनी रॉड किती झाली ते बघा. प्रेसचं वजन सगळ्या व्यायामांत सावकाश वाढतं. त्याची बरोबरी शेजारच्या मुलाच्या बेंच प्रेसशी करू नका.

पायात गादीचे धावण्याचे बूट नकोत, त्यात पाय डगमगतो. चारशे-पाचशेचे सपाट तळाचे कॅनव्हास बूट पहिलं वर्षभर पुरतात. उंच टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट चार हजारांपासून पुढे जातात. ते स्नॅच शिकायला लागल्यावर घ्या. बेल्ट पहिल्या वर्षी घेऊच नका. पोट आवळायला बेल्टाशिवाय शिकायला हवं.

जिथे जिम नाही तिथे

झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीच्या आतल्या गावांतून रोज तालुक्याला जाणं परवडत नाही. पाच जणांनी मिळून सामान घ्यावं. भारतीय बनावटीची ऑलिम्पिक रॉड ७,००० ते १०,००० ला येते. रबरी बंपर प्लेटा किलोला २०० ते २५० रुपये, म्हणजे साठ किलोंचे १२,००० ते १५,०००. लोखंडी स्टँड ८,००० च्या आसपास, आणि रबर मॅट व प्लायवूड मिळून ४,०००. सगळे मिळून ३१,००० ते ३७,०००, माणशी सहा-सात हजार, ट्रान्सपोर्टचं भाडं वेगळं. फक्त प्रेस करायचा असेल तर लोखंडी प्लेटा आणि साधी रॉड घ्या, खर्च निम्म्यावर येतो.

बंद पडलेल्या जिमचं सामान स्वस्तात मिळतं. रॉड सिमेंटच्या जमिनीवर लोळवून पाहा. मधेच उसळली तर वाकलेली आहे, सोडून द्या. प्लेटांवर छापलेलं वजन आणि खरं वजन यांत फरक असतो, म्हणून भुसार दुकानाच्या काट्यावर एकेक तोलून घ्या. दोन्ही बाजूंत अर्ध्या किलोचा फरक डोक्यावर नेल्यावर चांगलाच जाणवतो. गावात नोंदणीकृत मंडळ, शाळा किंवा ग्रामपंचायत पुढाकार घेत असेल तर राज्याच्या क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळतो.

विश्रांतीचा खर्च

शहरातल्या माणसासाठी लिहिलेल्या वेळापत्रकात व्यायामाचा दिवस आणि आरामाचा दिवस असे दोनच दिवस असतात. आपल्याकडे तिसरा दिवस असतो: वावरात कामाचा. सोळा लिटरचा फवारणी पंप भरल्यावर पाठीवर वीस किलोंच्या आसपास भार येतो आणि त्याचे पट्टे नेमके खांद्यांवर बसतात. कापूस वेचताना कंबर दिवसभर वाकलेली. सोयाबीनच्या सोंगणीतही तेच. हे सगळं ट्रेनिंगच आहे, आणि शरीराच्या हिशेबात ते जमा होतं. दिवसभर वेचणी करून संध्याकाळी जड प्रेस मारणाऱ्याला आपली ताकद का घटली, हे कळत नाही. वेचणीच्या महिन्यांत आठवड्याला दोनच दिवस व्यायाम ठेवा, वजन वाढवू नका, आहे ते टिकवा. ज्यांची भरती त्याच हंगामात आहे, त्यांनी घरच्यांशी बोलून काही दिवसांचं काम हलकं करून घ्यावं.

फवारणीच्या दिवशी व्यायाम अजिबात नको. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. घामेजलेल्या आणि तापलेल्या कातडीतून औषध जास्त शोषलं जातं. फवारून आल्यावर साबणाने आंघोळ, वेगळे कपडे, आणि मळमळ, डोळ्यांपुढे धूसर किंवा लाळ सुटल्यासारखं वाटलं तर थेट दवाखाना. जिम दुसऱ्या दिवशीही चालू असतं.

भरतीवाल्यांचा आठवडा मी असा लावीन: सोमवारी प्रेस आणि स्क्वॉट, मंगळवारी धावण्याचे छोटे वेगवान टप्पे, बुधवारी आधी गोळाफेकीचा सराव आणि मग हलका पुश प्रेस, गुरुवारी फक्त चालणं, शुक्रवारी पुन्हा प्रेस आणि स्क्वॉट, शनिवारी मुलांनी १६०० किंवा मुलींनी ८०० मीटरची वेळ लावायची, रविवारी काही नाही. रविवारी खरंच काही नाही. दर पाचव्या आठवड्यात सगळी वजनं तीस-चाळीस टक्क्यांनी उतरवायची. त्या आठवड्यात कंटाळा येईल, तो येऊ द्या. सलग दोन वेळा मागचंच वजन जात नसेल, सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल, रात्री झोप उडत असेल, तर पाचव्या आठवड्याची वाट न पाहता उतरा.

झोप सात ते नऊ तास, वाढत्या वयाच्या मुलांना आठ ते दहा. मे महिन्यात वीज गेली की रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही, हे मला माहीत आहे. अशा रात्रीनंतर पहाटेचा व्यायाम टाळून दुपारी झोपा, आणि जड वजनाचा दिवस पुढे ढकला. उन्हाळ्यात व्यायामाची वेळ सूर्य उगवायच्या आसपास. पाण्यात मीठ-साखर हवी. लघवी चहाच्या रंगाची झाली आणि स्नायू सुजून दुखत असतील तर घरी थांबू नका, तातडीने दवाखान्यात जा. स्नायूंचे तंतू फुटून मूत्रपिंडावर भार आल्याचं ते लक्षण असू शकतं.

विदर्भातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. सिकलसेल आपल्या भागात बऱ्याच घरांत आहे. ‘एसएस’ म्हणजे आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जड व्यायाम करू नये. ‘एएस’ म्हणजे वाहक असलेली मुलं एरवी ठणठणीत असतात, त्यांनी व्यायाम सोडायचं कारण नाही. पण उन्हात, पाणी कमी असताना, दम न घेता सलग जोर लावला तर वाहकांनाही कोसळण्याचा धोका असतो. त्यांनी सेटमध्ये जास्त विश्रांती घ्यावी, हळूहळू वाढवावं आणि प्रशिक्षकाला ही गोष्ट सांगून ठेवावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. त्यात बाधित आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. त्याच फेरीत रक्तदाबही मोजून घ्या. श्वास धरून वजन ढकलताना दाब काही क्षण बराच चढतो, म्हणून चाळिशीपुढच्यांनी हे टाळू नये.

आता जेवण, कारण वर्षाच्या हिशेबातली सगळ्यांत मोठी रक्कम हीच आहे. साठ किलो वजनाच्या, नेमाने वजन उचलणाऱ्या मुलाला दिवसाला ९०-९५ ग्रॅम प्रथिनं लागतात. वरण-भात, भाकरी-पोळी, भाजी या घरच्या जेवणातून साधारण पन्नास मिळतात. उरलेली चाळीस-पंचेचाळीस अशी भरता येतात: दोन अंडी, अर्धा लिटर दूध आणि तीस ग्रॅम सोया वडी. तिन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आसपास. अंडी न खाणाऱ्यांनी मूठभर भाजलेले फुटाणे आणि शेंगदाणे वाढवावेत. सोयाबीन आपल्याच शिवारात पिकतं, आणि सोया वडीत शंभर ग्रॅममागे पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. एवढं स्वस्त प्रथिन दुसरं नाही. व्हे प्रोटीनच्या एका चमच्याला सत्तर-नव्वद रुपये पडतात आणि त्यातून चोवीस ग्रॅम मिळतात. घ्यायचंच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक बघा आणि पक्कं बिल घ्या. जिममध्ये कुणी ‘कोर्स’ सुचवला तर त्या माणसापासून दूर व्हा. ती स्टेरॉइडची इंजेक्शनं असतात. त्याने शरीराची हानी होतेच, आणि उत्तेजक चाचणीत सापडलेल्या खेळाडूवर वर्षानुवर्षांची बंदी येते.

एकूण पहिल्या वर्षाचा हिशेब असा: साधं जिम ८,०००, प्रशिक्षक आणि प्रवास ६,०००, प्लेटा, बूट, पकडीसाठी हाताला लावायचा चॉक मिळून १,१००, वाढीव खाणं १८,०००. बेरीज ३३,१००. खाणं घरच्या दूध-अंड्यांवर भागत असेल तर निम्म्यात काम होतं.

आणि दुखापत झाली तर? फिजिओथेरपीच्या एका बैठकीला २०० ते ५०० रुपये, अशा दहा. एक्स-रे तीन-पाचशे. खाजगीत खांद्याचा एमआरआय ४,००० ते ७,०००. शिवाय बुडालेली मजुरी. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोगाची ओपीडी नाममात्र शुल्कात होते, तिथे आधी दाखवा. रात्री कुशीवर झोपल्यावर खांदा ठणकणं, हात वर नेताना ताकद जाणं, बोटांत मुंग्या येणं ही दाखवण्याची लक्षणं आहेत. दुखणं दाबायची गोळी घेऊन व्यायामाला जाणं सगळ्यांत महाग पडतं.

पावती आणि तक्रार

वर्षाच्या पॅकेजला सूट असते, तरी अनोळखी जिममध्ये आधी तीन महिन्यांचेच पैसे भरा. जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कुणी अजून १८ टक्के लावत असेल तर विचारा, आणि कर घेत असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवाच. लहान जिम नोंदणीच्या मर्यादेखाली असतात, त्यांनी कर लावायचाच नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे घेऊन ठरलेली सेवा न देणं आणि परतावाही नाकारणं, हेही त्यातच येतं. ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’ हे वाक्य छापलं म्हणून जिम बंद करून जाणाऱ्याची सुटका होत नाही.

आधी मालकाला लेखी द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. पावती, पॅकेजचं पत्रक आणि पैसे पाठवल्याचा यूपीआयचा स्क्रीनशॉट एवढे कागद पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये एका जागी ठेवा.